घरच्या सीएनसीला संगणक जोडायचा कशाने? पहिल्यांदा मशीन बांधणाऱ्यांसाठी

सीएनसीचा, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कापणाऱ्या मशीनचा, सांगाडा उभा राहिला, बॉलस्क्रू (अक्ष सरकवणारे आट्यांचे दांडे) बसले, स्टेपर मोटर आणि त्या फिरवणारे ड्रायव्हर आणून झाले, की बहुतेक जण एकाच ठिकाणी अडतात: संगणक आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये काय बसवायचं? दुकानदार यूएसबी कार्ड पुढे करतो, एखादा जुना जाणकार पॅरलल पोर्टचा (जुन्या संगणकावरच्या प्रिंटर पोर्टचा) आग्रह धरतो, तिसरा म्हणतो इथरनेटशिवाय घेऊच नका. केबलवरून सुरू झालेला हा वाद संपत नाही, कारण केबल हा यातला शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की मोटरकडे जाणारे पल्स (विजेचे छोटे ठोके) नेमकं कोण तयार करतं. त्याचं उत्तर कळलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

स्टेपर ड्रायव्हरला दोनच गोष्टी कळतात: पल्स आणि दिशा. पल्स आला की मोटर एक पाऊल सरकते. पल्स एकसारख्या अंतराने आले तर मोटर लोण्यासारखी फिरते. भर वेगात एखादा पल्स उशिरा आला की ती गुरगुरते, पावलं चुकवते किंवा जागीच थांबते. साध्या स्टेपरला एन्कोडर (किती फिरलं ते सांगणारा सेन्सर) नसतो, त्यामुळे पाऊल चुकलं हे कुणालाच कळत नाही. स्क्रीनवर एक्स ५० दिसतो आणि कटर ४९.४ वर असतो. आपला रोजचा विंडोज किंवा लिनक्स संगणक कितीही वेगवान असला तरी वेळेचा पक्का नाही. माउस हलला, अँटिव्हायरस जागा झाला, अपडेट आलं की तो दोन-चार मिलिसेकंद तिकडे वळतो. आपल्याला काटेकोरपणा हवा असतो मायक्रोसेकंदांचा. म्हणून कुणीतरी वेळ सांभाळायला लागतो, आणि तो कोण, यावरून सगळे पर्याय वेगळे होतात.

पायरी १: आपल्या मशीनला सेकंदाला किती पल्स लागतात ते काढा

कागद-पेन्सिल घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. हे न करता बोर्ड विकत घेऊ नका.

साधी स्टेपर मोटर १.८ अंशांची, म्हणजे एका फेऱ्यात २०० पावलं. ड्रायव्हरवर ८ मायक्रोस्टेप लावले, म्हणजे एका पावलाचे आठ तुकडे केले, तर एका फेऱ्याला १,६०० पल्स. बॉलस्क्रू १६०५ असेल तर एका फेऱ्यात नट ५ मिमी सरकतो. १,६०० भागिले ५, म्हणजे एका मिलिमीटरला ३२० पल्स. आता सर्वांत जास्त वेग किती हवा ते ठरवा. समजा मिनिटाला ३,००० मिमी, म्हणजे सेकंदाला ५० मिमी. ३२० गुणिले ५०, म्हणजे सेकंदाला १६,००० पल्स. हा आपला आकडा.

याच मशीनवर मायक्रोस्टेप १६ केले की आकडा ३२,००० होतो. मायक्रोस्टेप वाढवले की अचूकता तेवढ्याच पटीने वाढते असं अनेकांना वाटतं, पण तसं होत नाही. ८ किंवा १० च्या पुढे चाल थोडी मऊ होते आणि आवाज कमी होतो, बाकी भार पल्स काढणाऱ्यावर पडतो. छंदाच्या मिलिंग मशीनला ८ पुरतात.

बाजारात मिळणारे छोटे ३०१८ राउटर (लाकूड, प्लॅस्टिक कोरणारी मशीनं) बघा. त्यांचा लीडस्क्रू एका फेऱ्यात ४ मिमी सरकवतो, मायक्रोस्टेप १६ असतात, म्हणजे मिलिमीटरला ८०० पल्स. मिनिटाला २,००० मिमीने पळवायचं म्हटलं तर सेकंदाला जवळजवळ २६,७०० पल्स लागतात. यात असणाऱ्या जीआरबीएलची, म्हणजे अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर चालून पल्स काढणाऱ्या प्रोग्रामची, कमाल मर्यादा साधारण ३०,००० आहे. म्हणजे एवढंसं खेळण्यासारखं दिसणारं मशीनही बोर्डाच्या काठावर चालतं.

एसी सर्व्हो (एन्कोडर असलेली, स्वतःची चूक सुधारणारी मोटर) लावणार असाल तर हिशेब एकदम बदलतो. एका फेऱ्याला १०,००० पल्स घेणारा सर्व्हो त्याच १६०५ स्क्रूवर मिलिमीटरला २,००० पल्स मागतो. मिनिटाला ६,००० मिमी हवे असतील तर सेकंदाला २ लाख. सर्व्हो ड्रायव्हरमधलं इलेक्ट्रॉनिक गिअर (एका पल्सला किती फिरायचं ही सेटिंग) वापरून हे कमी करता येतं, पण मग एका पल्सचं अंतर वाढतं. हा आकडा अर्डुइनो उनोच्या किंवा संगणकाने स्वतः काढलेल्या पल्सच्या आवाक्यातला नाही.

पायरी २: तारा मोजा

किती सिग्नल बाहेर जाणार आणि किती आत येणार, याची यादी करा. पॅरलल पोर्टचं उदाहरण घेतो, कारण तिथे जागा मोजकी आहे आणि अडचण लगेच दिसते. २५ पिनांच्या या पोर्टवर १२ आउटपुट (पिन १ ते ९, १४, १६ आणि १७) आणि ५ इनपुट (पिन १० ते १३ आणि १५) मिळतात, १८ ते २५ या पिना ग्राउंडच्या.

गँट्रीवाला (बेडवरून सरकणाऱ्या पुलाचा) राउटर आहे आणि वाय अक्षाला दोन मोटर आहेत असं धरू. चार मोटरींचे पल्स आणि दिशा मिळून ८ आउटपुट. ड्रायव्हर चालू-बंद करायला १, स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) चालू करायला १, स्पिंडलचा वेग द्यायला १. झाले ११. उरलेलं एक कूलंट किंवा व्हॅक्यूमला. इनपुटमध्ये इमर्जन्सी स्टॉप, टूलची उंची मोजायचा प्रोब, आणि तीन अक्षांचे होम स्विच (अक्षाची सुरुवातीची जागा ओळखणारे). पाचही संपले. आता गँट्री दर वेळी काटकोनात आणण्यासाठी वायच्या दुसऱ्या बाजूला वेगळा होम स्विच हवा, आणि त्याला जागाच नाही. तुमची यादी अशी काठोकाठ भरत असेल तर यापेक्षा जास्त जागा देणारा पर्याय घ्या. पुढे रोटरी अक्ष लावायची इच्छा असेल तर तोही आत्ताच मोजा.

पायरी ३: लेथ असेल तर थांबा

राउटर, मिल, लेझर यांना स्पिंडल कुठल्या कोनात आहे याच्याशी देणंघेणं नसतं. लेथवर आटे पाडायचे असतील तर असतं. टूल दर वेळी त्याच आट्यात शिरायला हवं, म्हणजे झेड अक्षाला स्पिंडलच्या फिरण्याच्या ठेक्यात चालावं लागतं. उनोवरच्या मूळ जीआरबीएलमध्ये ही सोयच नाही. माक३ हे विंडोजवरचं कंट्रोल सॉफ्टवेअर फेऱ्यातून एकदा येणाऱ्या एका पल्सवर काम भागवतं. कट लागून स्पिंडल मध्येच मंदावला तर ते त्याला पुढच्या फेऱ्यालाच कळतं. लिनक्ससीएनसी हे लिनक्सवरचं सॉफ्टवेअर स्पिंडलचा एन्कोडर सतत वाचतं आणि झेडला त्याच्याशी बांधून ठेवतं. आटे पाडायचे जी३३ आणि जी७६ हे हुकूम तर चालतातच, मिलवर जी३३.१ वापरून रिजिड टॅपिंगही (टॅपने भोकात आटे पाडणंही) होतं. म्हणून लेथवाल्यांना माझा सल्ला एकच आहे, लिनक्ससीएनसी शिका. शिकायला वेळ लागतो, पण पुढची कित्येक वर्षं मशीन बदललं तरी ते सोडावं लागत नाही.

पायरी ४: आता पर्याय बघा

*संगणकच पल्स काढतो: पॅरलल पोर्ट*

एके काळी घरगुती सीएनसी म्हणजे हेच. स्वस्त ब्रेकआउट बोर्ड (पोर्टच्या पिना तारा जोडायला सुट्या करणारा), जुना डेस्कटॉप, आणि विंडोजवर माक३ नाहीतर लिनक्ससीएनसी. यात वेळ सांभाळणारा स्वतः संगणक असतो. माक३चा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटच्या विंडोजवर चालतो, ६४ बिटवर नाही. त्याचा विकास थांबून बराच काळ झाला, पुढे माक४ आलं. नवीन माणसाने आज एक्सपी किंवा जुनं विंडोज ७ शोधत बसण्यात अर्थ नाही.

लिनक्ससीएनसीचं तसं नाही. अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेच्या ईएमसी प्रकल्पातून ते आलं, आजही त्याच्या नव्या आवृत्त्या येतात आणि ते मोफत आहे. रिअल-टाइम कर्नल (वेळ पाळणारा लिनक्सचा गाभा) असल्यामुळे ते संगणकाकडून वेळेचा पक्केपणा काढून घेतं. तुमचा संगणक यासाठी लायक आहे का, हे पैसे खर्च न करता तपासता येतं. लिनक्ससीएनसी पेनड्राइव्हवरून चालवा, लेटन्सी टेस्ट (संगणक किती उशीर करतो ते मोजणारी) सुरू करा, आणि ती चालू असताना ब्राउझर उघडा, मोठ्या फायली कॉपी करा, खिडक्या ओढा. तासभर छळा. सर्वांत मोठा आकडा १५ ते २० मायक्रोसेकंदांत राहिला तर उत्तम. ३० ते ५० असेल तरी काम होईल, वेग थोडा कमी मिळेल. १०० च्या वर गेला तर या संगणकाला पल्स काढायला लावू नका. लॅपटॉप बहुधा इथेच नापास होतात, कारण त्यांची वीज वाचवण्याची यंत्रणा मध्येच लुडबुड करते.

एक सापळा सांगून ठेवतो. बाजारात 'यूएसबी टू पॅरलल' केबल मिळते. ती प्रिंटरसाठी आहे, तिच्यावर सीएनसी चालत नाही, कुठल्याही सेटिंगने चालणार नाही. मागे पोर्ट नसेल तर पीसीआय किंवा पीसीआय एक्स्प्रेस कार्ड घ्या. त्याआधी मदरबोर्डवर एलपीटी लिहिलेला २६ पिनांचा कनेक्टर आहे का पाहा. जुन्या बऱ्याच बोर्डांवर तो असतो, फक्त पट्टी-केबल लावावी लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास असं सामान शोधलं तर मिळतं.

*छोटा बोर्डच सगळं करतो: जीआरबीएल आणि त्याची भावंडं*

पहिलंच मशीन, तीन अक्ष, लाकूड, ॲक्रिलिक, थोडं ॲल्युमिनियम, पल्सचा आकडा २०,००० च्या आत: तुम्ही इथून सुरुवात करा. जीआरबीएल २००९ साली सुरू झालं आणि अर्डुइनो उनोच्या ८ बिटच्या चिपवर मावलं, ही खरोखर थक्क करणारी कारागिरी आहे. इथे संगणक फक्त जी-कोडच्या, म्हणजे मशीनला हालचाली सांगणाऱ्या हुकमांच्या, ओळी यूएसबीने पाठवतो. पुढच्या १६ हालचालींपर्यंत आधीच आखणी करून पल्स काढण्याचं काम बोर्ड करतो. त्यामुळे संगणक क्षणभर अडकला तरी चाल बिघडत नाही. लॅपटॉप चालतो, रास्पबेरी पाय चालतो.

ओळी पाठवायला युनिव्हर्सल जीकोड सेंडर, कँडल, जीसेंडर असे मोफत प्रोग्राम आहेत. त्यात $$ लिहिलं की बोर्डाच्या सगळ्या सेटिंग दिसतात. $१०० ते $१०२ मध्ये मिलिमीटरला किती पल्स, $११० ते $११२ मध्ये कमाल वेग, $१२० ते $१२२ मध्ये प्रवेग. पायरी १ मधले आकडे इथे भरायचे. $१ ला २५५ दिलं की मोटर थांबल्यावरही ताकद धरून ठेवते. झेड अक्ष स्पिंडलच्या वजनाने खाली घसरू नये म्हणून हे मिलवर करायलाच हवं.

आकडा ३०,००० च्या वर जात असेल किंवा चौथा अक्ष हवा असेल तर ३२ बिटचे पर्याय बघा. टीन्सी ४.१ सारख्या बोर्डावर चालणारं जीआरबीएल-हाल, किंवा ईएसपी३२ वरचं फ्लुइडएनसी. दोन्हींत वायच्या दोन मोटर वेगळ्या हाताळून गँट्री सरळ करता येते. जीआरबीएल-हालमध्ये एन्कोडर लावून आटे पाडण्याचीही सोय आहे. ईएसपी३२ चे सिग्नल ३.३ व्होल्टचे असतात, आणि डीएम५४२ किंवा टीबी६६०० सारख्या ड्रायव्हरचे इनपुट ५ व्होल्टसाठी बनवलेले. थेट जोडलं तर कधी चालतं, कधी पल्स गाळतं. म्हणून मध्ये ५ व्होल्टचा बफर असलेलाच बोर्ड घ्या. फ्लुइडएनसीला वायफाय आहे, ते फाइल मेमरी कार्डवर टाकायला वापरा. वायफायवरून एकेक ओळ पाठवत तासाभराचा जॉब चालवू नका.

*संगणक आखणी करतो, कार्ड पल्स काढतं*

ही मधली वाट, आणि गंभीरपणे धातू कापणाऱ्यांसाठी हीच योग्य. इथे दोन घरं आहेत. विंडोजवर माक३ किंवा माक४ बरोबर इथरनेट स्मूदस्टेपर, नाहीतर यूसीसीएनसी हे सॉफ्टवेअर आणि त्याचं यूसी३००ईटीएच कार्ड. दुसरं घर लिनक्ससीएनसी आणि मेसा कंपनीची इथरनेट कार्डं. मेसाच्या बाबतीत संगणक दर मिलिसेकंदाला 'आता इथे पोच' एवढंच सांगतो, मधले पल्स कार्डावरची एफपीजीए चिप काढते. त्यामुळे पल्सच्या दराची चिंता उरत नाही, आणि पॅरलल पोर्टसाठी नापास झालेला संगणकही इथे चालून जातो. ७आय७६ई या कार्डावर पाच अक्ष, २४ व्होल्टचे ३२ इनपुट, १६ आउटपुट आणि स्पिंडल एन्कोडरची जागा आहे. पायरी २ ची तंगी इथे पुरती मिटते.

संगणकाचा इथरनेट पोर्ट फक्त कार्डासाठी राखून ठेवा. इंटरनेट हवंच असेल तर त्याला दुसरा पोर्ट किंवा वायफाय द्या. घरच्या इंटरनेटच्या राउटरमधून कार्ड जोडू नका.

माक३ साठी स्वस्त यूएसबी कार्डंही भरपूर विकली जातात. ती सगळीच वाईट नाहीत. पण आटे पाडणं, प्रोबिंग, दोन मोटरींचं होमिंग यातलं काय चालेल हे कार्डाच्या प्लगइनवर अवलंबून असतं, आणि ते विकत घेण्याआधी विचारून लेखी घेतलेलं बरं. सोबत दिलेली माक३ची प्रत परवान्याची आहे का, हेही विचारा. परवान्याशिवाय माक३ ५०० ओळींच्या पुढे जी-कोड चालवत नाही.

*संगणकच नको*

डीडीसीएस किंवा रिचऑटो ए११ सारखा हातातला किंवा पॅनेलवरचा कंट्रोलर पेनड्राइव्हवरून फाइल वाचून मशीन चालवतो. धूळ उडणाऱ्या लाकडाच्या कारखान्यात संगणक ठेवायला जागा नसेल तर हे छान. मात्र त्यात जे दिलंय तेवढंच मिळतं, स्वतःचं काही जोडायला वाव थोडा.

पायरी ५: व्हीएफडी आणि वीज यांचा विचार

हवेत चालताना शहाणं असलेलं मशीन स्पिंडल सुरू केल्यावर संपर्क तोडतं, ही तक्रार यूएसबीवाल्यांची नेहमीची. व्हीएफडी, म्हणजे स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह, स्पिंडलच्या वीजप्रवाहाचे वेगाने तुकडे करतो आणि त्याचा गोंगाट शेजारच्या तारांत शिरतो. इथरनेटच्या पोर्टात ट्रान्सफॉर्मर असल्याने संगणक आणि कार्ड विजेच्या दृष्टीने वेगळे राहतात. साध्या यूएसबीत तसं नसतं, ग्राउंड थेट जोडलेलं असतं. म्हणून व्हीएफडी असलेल्या मशीनला शक्य असेल तर इथरनेट घ्या. यूएसबीच असेल तर केबल छोटी, जाड, फेराइट (गोंगाट गाळणारं कडं) लावलेली ठेवा, आणि मध्ये यूएसबी आयसोलेटर बसवा. स्पिंडलची केबल शिल्डेड घ्या, ती सिग्नलच्या तारांपासून लांबून न्या, आणि मशीनच्या सांगाड्याला चांगलं अर्थिंग द्या. भिंतीतल्या तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

वीज जाण्याचा विचार आधी करा, आपल्याकडे ती जातेच. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि मशीन मेलेलं असतं, मग वीज आल्यावर कटर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. होम स्विच बसवले असतील तर होमिंग करून जॉबचा झिरो परत मिळतो, कारण जीआरबीएल जी५४ मध्ये साठवलेला हा झिरो वीज गेल्यावरही लक्षात ठेवतं. होम स्विच नंतर बसवू म्हणणाऱ्यांनी हा एक मुद्दा लक्षात घ्यावा.

इमर्जन्सी स्टॉप मात्र सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवू नका, इंटरफेस कुठलाही असो. लाल बटण दाबल्यावर काँटॅक्टर (विजेने ओढला जाणारा मोठा स्विच) सुटून मोटरींची वीज तुटली पाहिजे आणि स्पिंडल बंद झाला पाहिजे. संगणकाला फक्त त्याची खबर मिळावी. स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) घ्या, म्हणजे तार तुटली तरी मशीन थांबेल.

पायरी ६: जोडल्यावर पहिली परीक्षा

जॉब लावायच्या आधी हे करा. बेडवर चुंबकी स्टँडने डायल गेज लावा, एक्स अक्ष हळूच त्याला टेकवून सुई शून्यावर आणा. मग अक्ष २०० मिमी मागे नेऊन पूर्ण वेगाने पुन्हा त्याच जागी आणणारा छोटा जी-कोड लिहा, गेजजवळचे शेवटचे ५ मिमी सावकाश. तो ५० वेळा चालू द्या, स्पिंडल सुरू ठेवून. शेवटी सुई बघा. तिन्ही अक्षांवर हेच.

सुई शून्यावर आली तर इंटरफेस आणि वायरिंग दोन्ही ठीक. ती एकदम मोठ्या अंतराने चुकली तर मोटर वेगात अडली आहे, प्रवेग निम्मा करून पुन्हा बघा. स्पिंडल बंद असताना बरोबर आणि सुरू असताना चूक येत असेल तर पायरी ५ कडे परत जा. आणि सुई दर फेरीला थोडी थोडी, नेहमी एकाच दिशेने सरकत असेल, तर पल्सची धार (तो चढण्याचा किंवा उतरण्याचा क्षण) उलटी लागलेली असण्याची शक्यता मोठी. ड्रायव्हर पल्सच्या ज्या धारेवर पाऊल टाकतो, नेमक्या त्याच क्षणी दिशा बदलली जाते आणि प्रत्येक वळणावर एक पाऊल चुकतं. जीआरबीएलमध्ये $२ ही सेटिंग, माक३ मध्ये पल्सच्या पिनेसमोरचा 'स्टेप लो ॲक्टिव्ह'चा खूण-चौकोन, आणि लिनक्ससीएनसीमध्ये त्या पिनेचं इन्व्हर्ट, यातलं आपलं जे असेल ते उलटं करा. डीएम५४२ ला पल्स किमान २.५ मायक्रोसेकंदांचा लागतो आणि दिशा पल्सच्या आधी ५ मायक्रोसेकंद स्थिर हवी. तुमच्या ड्रायव्हरच्या कागदावर हे आकडे वाचून कंट्रोलरमध्ये त्याहून थोडे जास्त भरा आणि पन्नास फेऱ्या पुन्हा लावा.